लहान पोटाला अकराची तार

कुमुदमावशी कुठलीही वस्तू पसंत करण्याआधी तिच्या पोटावर टकटक करायच्या. कलिंगड असो, माठ असो, कुकर असो की लोखंडी कपाट, सगळ्यांना परीक्षा एकच. मधल्या बोटाचं पेर वाकवून दोनदा वाजवायचं, मान उजवीकडे कलती करायची, डोळे मिटायचे आणि निकाल द्यायचा. "हे कच्चं." "याला सर्दी झालीय." "हा चांगल्या घरचा आहे." एकदा गॅसचा सिलिंडर घेऊन आलेल्या माणसाला त्यांनी दारातच अडवलं, सिलिंडर वाजवला आणि म्हणाल्या, "अर्धा आहे. परत ने." तो बिचारा शपथा घ्यायला लागला. शेवटी वजनकाटा लावला तर सिलिंडर गच्च भरलेला. मावशी जराही ओशाळल्या नाहीत.

"सिलिंडर खोटं बोलला, त्यात माझा काय वांक?" म्हणाल्या आणि त्या माणसाला लिंबाचं सरबत करून दिलं.

वांक म्हणजे दोष, हे मला बडोद्यात आल्यावर कळलं. मावशींचा कधीच वांक नसायचा. झाकण उघडलं नाही तर बरणी आडमुठी, भाजी खारट झाली तर मीठ उद्धट, चष्मा हरवला तर चष्मा फिरायला गेलेला. घरातल्या सगळ्या वस्तू आपापल्या मर्जीनं वागतात आणि आपण फक्त त्यांची समजूत घालायची, असा त्यांचा संसार होता. एकटीचाच. लग्न केलं नव्हतं. मराठी शाळेत भूगोल शिकवायच्या. मुलं इंग्रजी शाळांकडे वळली, वर्ग रिकामे झाले, शाळा मिटली आणि मावशी घरी बसल्या. "आजोबा सरकारांच्या दफ्तरात होते म्हणून घरात शिस्त, आणि मी भूगोलात होते म्हणून घरात पसारा," असं त्या आल्यागेल्याला सांगायच्या.

पोटपरीक्षेत एका वस्तूच्या बाबतीत मात्र त्यांचा निकाल कधी चुकला नाही. ती म्हणजे त्यांची गिटार.

आमची ओळख त्या गिटारीमुळेच झाली. मी परभणीकडच्या गावातून लग्न होऊन बडोद्याला आले होते. आमचे हे सावली गावाकडच्या कारखान्यात वेल्डर. सकाळी कंपनीच्या बसनं जायचे ते दिवे लागल्यावर यायचे. दांडिया बाजारच्या मागच्या गल्लीत तळमजल्यावर आमची खोली, आणि वरच्या मजल्यावर मावशी. मी नववीत शाळा सोडलेली. शिवणकाम यायचं, बाकी सगळ्याची भीती वाटायची. दार वाजलं की वाटायचं, खोली खाली करा म्हणायला आले असतील. गुजराती पाट्या वाचता यायच्या नाहीत म्हणून एकटी बसमध्ये चढत नव्हते. भाजी आणायला निघाले तर कोपऱ्यावरून परत यायची, गॅस बंद केलाय का बघायला. बंदच असायचा. तरी पुन्हा यायची.

अशीच एकदा दुपारी दारावर टकटक झाली. दोनदा. मी घाबरतच दार उघडलं. बाहेर एक बुटक्या, गोल बाई. कडक इस्त्रीची सुती साडी, तिच्याखाली पांढरे कॅनव्हासचे बूट, आणि कडेवर मूल घ्यावं तशी घेतलेली गिटार.

"तू ब्लाउज शिवतेस ना?"

"हो."

"मग हिला एक शिव."

मला वाटलं, थट्टा करतात. पण त्या आत येऊन माझ्या मशीनच्या स्टुलावर बसल्या आणि गिटार कापायच्या फळीवर निजवली. गिटार म्हटल्यावर डोळ्यांपुढे येते त्याहून ती पुष्कळच लहान होती. पोट उथळ, कंबर बारीक, मान आखूड. लाकूड जुन्या चिंचोक्याच्या रंगाचं. मी टेप काढला. दुसरं काही सुचेना, म्हणून मापं घेते तशीच घेतली. छाती, कंबर, घेर, उंची. मावशी गंभीर चेहऱ्यानं बघत होत्या.

"हिला बाहीचा मुंढा नाही," मी म्हणाले.

"नाही. जन्मापासूनच नाही."

"आणि पुढं हे गोल भोक आहे. गळा उघडा ठेवू का बंद?"

त्यावर मावशी इतक्या हसल्या की स्टूल डुगडुगायला लागलं. डोळे पुसत म्हणाल्या, "बंद गळ्याचं शिव बाई. वय झालंय हिचं."

मी जुन्या रजईचा कापूस भरून, आतून मऊ फ्लॅनेल लावून पिशवी शिवली. बाहेरून चणियाचोळीतलं उरलेलं लाल कापड, कडेनं आरसे. मावशींनी पिशवीवर टकटक केली, आवाज आला नाही, खूष झाल्या. म्हणाल्या, "आता वर ये. जिच्यासाठी शिवलंस तिचा आवाज तरी ऐक."

किती शिकलीस, असं त्यांनी मला कधीच विचारलं नाही. या एका गोष्टीसाठी मी त्यांची जन्माची ऋणी आहे. बडोद्यात भेटलेली प्रत्येक मराठी बाई पहिल्या पाच मिनिटांत ते विचारायची, आणि "नववी" म्हटल्यावर तिच्या चेहऱ्यावरचं हसू थोडं वेगळं व्हायचं. मावशींनी विचारलं, "काय काय येतं?" मी म्हणाले, ब्लाउज, फॉल, पिको, चणियाचोळी. "आणखी?" ज्वारीची भाकरी. "आणखी?" मी विचार करून म्हणाले, भ्यायला येतं. "छान," मावशी म्हणाल्या, "म्हणजे लक्ष देऊन ऐकायला येत असणार. भित्र्या माणसाचे कान चांगले असतात."

गिटार कुठून आली, याची त्यांच्याकडे खूप उत्तरं होती. मला सांगितलं की प्रतापनगरच्या रेल्वे कॉलनीतला एक इंजिन ड्रायव्हर बदली होऊन जाताना देऊन गेला. आमच्या ह्यांना सांगितलं की शाळेच्या आनंदमेळ्यात सोडतीत लागली. गणपती मंडळाच्या सेक्रेटरींना सांगितलं की एका विद्यार्थ्यानं गुरुदक्षिणा म्हणून दिली. मी एकदा धीर करून म्हटलं, "मावशी, तुम्ही दर वेळी वेगळंच सांगता." तर म्हणाल्या, "अगं, विचारणारा पण दर वेळी वेगळाच असतो ने."

तारा आणायला त्या मला पहिल्यांदा मांडवीच्या बाजारात घेऊन गेल्या, तेव्हा रिक्षात आम्हां दोघींच्या मध्ये लाल पिशवीतली गिटार बसली होती. तारा घ्यायच्या तर गिटार कशाला न्यायची, असं मी विचारलं. मावशी म्हणाल्या, "चप्पल घ्यायला जाताना पाय घरी ठेवून जातेस का?"

दुकान अगदी अरुंद. वर ढोलकी टांगलेल्या, खाली हार्मोनियम रचलेल्या, आणि मधल्या फटीत हरीशभाई. मावशींना बघताच त्यांनी चष्मा काढला आणि पुसायला घेतला. लढाईच्या आधी धार लावतात तसा.

"कुमुदबेन, बारनो सेट लई जाव. बधा ए ज लई जाय छे."

सगळे बाराचाच सेट नेतात, हा हरीशभाईंचा हुकमी मुद्दा होता.

"सगळे लग्नात सूट घालतात," मावशी म्हणाल्या. "म्हणून मी पण घालू?"

मग माझ्याकडे वळून त्यांनी दुकानातच वर्ग घेतला. बारा काय, अकरा काय, ही तारेची जाडी. सहा तारांतल्या सगळ्यात बारीक तारेवरून अख्ख्या सेटला नाव पडतं. तार जितकी जाड तितकी ती सुरात आणायला जास्त ओढावी लागते. सहा तारा मिळून खाली घोडीला ओढतात, म्हणजे पोटावर चिकटवलेली ती लाकडी पट्टी. मोठ्या पोटाच्या गिटारीची फळी जाड असते, तिला तेवढी ओढ नसेल तर ती हलतच नाही, लोळत पडते. "पण हिची फळी बघ. पापड आहे पापड. लहान पोटाला बारा लावले तर काय होईल? तान्ह्या पोराला बुंदीचा लाडू चारल्यासारखं. पोट फुगेल आणि घोडी उचलेल."

"मग दहाचा घ्या," मी म्हणाले.

"दहाच्या सैल पडतात. हिची मान आखूड आहे, तार आधीच कमी ताणली जाते. त्यात बारीक लावली की पडद्यांवर आपटते आणि खरखर करते. आवाज पण कुपोषित." पडदे म्हणजे मानेवरच्या त्या धातूच्या आडव्या पट्ट्या.

मला एकदम ओळखीचं काही ऐकल्यासारखं वाटलं. "मलमलीला अकरा नंबरची सुई लागते," मी बोलून गेले. "सोळाची लावली तर भोकं पडतात. आणि जाड कापडाला अकराची लावली तर सुई मोडते."

मावशींनी डोळे मिटले, मान कलती केली. जणू माझ्याच पोटावर टकटक केली होती.

"झालं तुझं शिक्षण," म्हणाल्या. "आता सेट तू निवड."

हरीशभाईंनी माझ्यापुढे अकराचे दोन सेट ठेवले. एकाच्या जाड तारा पितळेसारख्या पिवळ्या, दुसऱ्याच्या तांबूस. मी दोन्ही हातात घेतले, परत ठेवले. चुकलं तर? मावशी छताकडे बघत उभ्या. मी विचारलं, दोन्हींत फरक काय? हरीशभाईंनी एकेक तार हातावर ताणून छेडली. पिवळी कशी चिवचिवल्यासारखी, तांबूस जरा बसक्या, गोड गळ्याची. मी म्हणाले, "हिला आधीच खर्ज कमी आहे. पिवळ्या लावल्या तर नुसती चिमणी होईल. तांबूस द्या."

"सांभळ्युं, हरीशभाई? ऐकलंत?" मावशी म्हणाल्या आणि असा चेहरा केला की जणू मी त्यांच्या वर्गात पहिली आले.

परतताना रिक्षात मला फार भरून आलं. मी म्हणाले, "मावशी, माणसाचंही असंच असतं ना? ज्याला जेवढं झेपतं तेवढंच..."

"अजिबात नसतं," मावशींनी मला तोडलं. "माणसाला कुठे तारा असतात? गिटारीचं गिटारीपाशी ठेव. तिला उगाच कीर्तनाला बसवू नकोस."

त्यानंतर मी रोज संध्याकाळी वर जायला लागले. सुरुवातीला नुसती ऐकायला, मग वाजवायला. त्यांच्या गिटारीवर आरती निघायची, गरबा निघायचा, अंगाई निघायची, आणि मध्येच "हा ब्रह्मपुत्रेचा प्रवाह" म्हणून काहीतरी नागमोडी, जे त्यांचं स्वतःचंच असावं. मला शिकवताना त्यांनी माझी डाव्या हाताची बोटं तपासली. सुया टोचून टोचून शेंडे निबर झालेले. "वा! पुढची तयारी तू आधीच करून आलीस," म्हणाल्या. गावाकडची आठवण येऊन मला रडू आलं की त्या मला भिंतीवरच्या नकाशापुढे उभं करायच्या. माझाच टेप घेऊन बडोदे ते परभणी मोजायला लावायच्या. "किती आलं? बघ, तुझ्या वितीएवढं पण नाही. एवढ्यासाठी रडतेस?"

मग तो गणपती आला. मंडळाच्या कार्यक्रमात मावशी दर वर्षी वाजवायच्या. त्या वर्षी सेक्रेटरींचा मुलगा केतन लाऊडस्पीकर सांभाळत होता. कॉलेजात जाणारा, उत्साही, कुणाचंही भलं करायला सदा तयार असलेला मुलगा. दुपारी मावशी गिटार मांडवात ठेवून विश्रांतीला घरी आल्या. केतनला वाटलं, आजींचा आवाज मागच्या रांगेपर्यंत जात नाही. त्यानं आपल्या गिटारीसाठी आणलेला बाराचा सेट काढला आणि आजींच्या गिटारीवर चढवला. आजींना आनंदाचा धक्का द्यायचा होता त्याला.

धक्का बसला. संध्याकाळी मावशींनी पहिला सूर छेडला आणि तोंड असं केलं की जणू कुणी त्यांच्याच पोटात गुद्दा मारला. तरी कार्यक्रम पार पाडला, कारण पुढे गणपती बसले होते. टाळ्या भरपूर पडल्या. सकाळी गिटार बघितली तर घोडीच्या मागे पोट चक्क फुगलेलं. मावशींनी माझी स्टीलची पट्टी आडवी धरली. पट्टीच्या दोन्ही बाजूंनी पलीकडची बारी दिसत होती. बारी म्हणजे खिडकी. बडोद्यातल्या मराठी घरात खिडकी नसते, बारी असते.

केतन माफी मागायला आला. रडवेला झाला होता. मावशींनी त्याला पाटावर बसवलं आणि पुढे बुंदीचे लाडू ठेवले. मंडळाचेच, नारळाएवढे. "खा."

त्यानं एक खाल्ला. "आणखी खा." त्यानं दुसरा खाल्ला. "अरे, तुझं तर मोठं पोट आहे. हा घे." पुढचा लाडू निम्मा झाला तेव्हा केतनच्या कपाळावर घाम आला. "बस आजी. नथी जतो, नाही जात आता. पोट फुटेल."

"फुटेल ने?" मावशी प्रेमानं म्हणाल्या. "मग आता कळलं, तिला काल काय झालं ते? ऊठ. एकेक तार हळूहळू सैल कर. एकदम नाही. भुकेल्या माणसाला जेवण जसं हळूहळू देतात, तसं जेवलेल्याचं हळूहळू काढतात."

सगळ्या तारा उतरल्यावर मावशींनी गिटारीचा उपास जाहीर केला. पोट बसेपर्यंत तार चढवायची नाही. कोणी "आज वाजवणार नाही का?" विचारलं की सांगायच्या, "आज तिची एकादशी." त्या महिन्यात तिच्या पुष्कळ एकादश्या झाल्या. पोट हळूहळू बसलं, थोडा उंचवटा राहिला. "बाळंतपणानंतर राहतो तेवढाच," मावशी म्हणाल्या. मी तांबूस अकराचा सेट आणला आणि गिटार पुन्हा बोलायला लागली.

त्याच्या पुढच्या हिवाळ्यात मावशींनी जिन्यातून हाक मारली. "शोभा, हरीशभाईंकडे जाशील? दहाचा सेट आण."

आता मी मांडवीला एकटी जायची. तरी पायरीवरच थांबले. "अकराचा ना?"

"दहाचा. उपासानंतर हिला हलकंच पचतं."

हरीशभाईंनी ऐकलं आणि चष्मा काढला. पण पुसला नाही, तसाच हातात धरला. "दस? कुमुदबेनने दस?" मग हळूच म्हणाले, "ए गिटारने तो अगियार ज जोईए." त्या गिटारीला अकराच लागतात. मावशींनीच माझ्यासमोर त्यांना शिकवलेलं त्यांनी मला परत सांगितलं. मी मान खाली घालून दहाचा सेट घेतला.

तारा चढल्या आणि खरखर सुरू झाली. जाड तारा पडद्यांवर बडबडायच्या. मी मावशींकडे बघितलं. "हवा दमट आहे," त्या म्हणाल्या. बाहेर असा कोरडा वारा होता की माझे ओठ फुटले होते.

मला काहीच कळत नव्हतं, असं नाही. मी त्यांचे ब्लाउज शिवायचे. शिंप्याला जे कळतं ते डॉक्टरला उशिरा कळतं. आधी त्या म्हणाल्या, "या हुकांचा फार कंटाळा आला, टिचबटणं लाव." मग, "टिचबटणं फार खेकसतात, चिकटपट्टी लाव." साडीच्या निऱ्या कमी झाल्या, पिना गेल्या, कॅनव्हासच्या बुटांच्या नाड्या गेल्या आणि त्याजागी नुसत्या सपाता आल्या. बरण्या तर सगळ्याच आडमुठ्या झाल्या होत्या. चहाचा कप आता दोन्ही हातांनी धरायच्या आणि म्हणायच्या, "थंडीत बरं वाटतं." उन्हाळ्यातही म्हणायच्या.

डाव्या हाताच्या बोटांची पेरं सुपारीसारखी झाली होती. पण त्याबद्दल त्या एक शब्द बोलत नव्हत्या, आणि त्या बोलत नाहीत तोवर मी कशी बोलणार? दहाचा सेट गिटारीसाठी नव्हता. सगळा प्रश्न एवढाच होता की मावशींच्या बोटांना तार अजून किती दिवस दाबता येणार.

दहानंतर रेशमी सेट आला. त्यातल्या जाड तारांच्या पोटात रेशीम गुंडाळलेलं असतं, बोटाला मऊ लागतं, आवाजही कुजबुजल्यासारखा येतो. "हिला आता ओरडायची हौस राहिली नाही," मावशी म्हणाल्या. मग त्याच तारा त्यांनी सुरातून खाली उतरवल्या, आणखी सैल. "वरच्या पट्टीत हिला दम लागतो." दर वेळी हिलाच काहीतरी होत होतं. आणि मला भीती वाटायला लागली, माझी नेहमीची नाही, वेगळी. हरीशभाईंच्या दुकानात रेशमी सेटच्या खाली हलकं काही नव्हतं. मी विचारून आले होते.

संध्याकाळ झाली की मी मशीन थांबवून वर कान लावायची. आधी आरती ऐकू यायची, मग अर्धी आरती, मग ब्रह्मपुत्रेचे नुसते दोन-तीन सूर, मोकळ्या तारांचे, ज्यांना डावा हात लागत नाही. एखाद्या दिवशी काहीच आलं नाही की मी काहीतरी घेऊन वर जायची. वाटीभर ठेचा, नाहीतर उसवलेलं काही शिवून. मावशी बारीपाशी बसलेल्या असायच्या, गिटार मांडीवर.

"बरं झालं आलीस," त्या म्हणायच्या. "तू वाजव. मी हिचं पोट ऐकते."

मी वाजवायची आणि त्या फळीवर तळहात ठेवून डोळे मिटायच्या. माझी बोटं त्या सैल तारांवर जरा जास्तच जोरात पडायची, खरखर वाढायची. मला लाज वाटायची. मावशी म्हणायच्या, "तुझा वांक नाही."

नाशिकहून त्यांची भाची मीनलताई आली ती यंदाच. मावशींना काही महिने घेऊन जाते म्हणाली. तिचा सूर असा, की ते महिने कुणी मोजणार नव्हतं. मावशींनी गल्लीला जाहीर केलं, "मीनलला माझ्याशिवाय करमत नाही, काय करणार?"

निघायच्या दिवशी सकाळीच मला हाक आली. "शोभा, हरीशभाईंकडून सेट आण. अकराचा. तांबूस."

मला वाटलं, त्या विसरल्या. "मावशी, अकराच्या तारा तुम्हाला..."

"तुला सेट आणायला सांगितलाय. व्याख्यान नाही."

हरीशभाईंनी सेट काढून दिला, मग गल्ल्यामागून उठून दुकानाच्या पायरीपर्यंत आले. मी त्यांना कधी उठलेलं बघितलं नव्हतं. "कहेजो, बरोबर छे," एवढंच म्हणाले. सांगा, बरोबर आहे.

मीनलताई सामान बांधत होती. मावशींनी तारांना हात लावला नाही. सांगत गेल्या, मी करत गेले. रेशमी तार उतरव, अकराची चढव, मग दुसरी. एकेक, म्हणजे घोडीला अचानक मोकळं वाटत नाही. सूर लागले. "वाजव," मावशी म्हणाल्या आणि तळहात फळीवर ठेवला.

मी आरती सुरू केली. खरखर नाही. एकही तार आपटली नाही. माझ्या बोटांचा जोर जेवढा होता तेवढाच तारांना हवा होता. पापडासारख्या फळीतून आवाज असा निघाला की सामान बांधता बांधता मीनलताई थांबली. मावशींचे डोळे मिटलेले.

"आली," त्या म्हणाल्या. बऱ्याच दिवसांनी घरी परतलेल्या माणसाबद्दल बोलावं तसं.

मग डोळे न उघडताच म्हणाल्या, "दहाच्या हिला कधीच आवडल्या नव्हत्या. रेशमी तर मुळीच नाही. पण बोलली नाही. भिडस्त आहे. तुझ्यासारखी."

मग त्यांनी विचारलं, "मलमलीला किती?"

"अकरा."

"बस. विसरू नकोस."

मी गिटार लाल पिशवीत घातली आणि त्यांच्या बॅगांशेजारी ठेवली. मावशींनी ती उचलून माझ्या कडेवर दिली.

"नेणार नाही?"

"नाशिकच्या हवेनं हिचं पोट बिघडतं," मावशी म्हणाल्या. ती गिटार नाशिकला कधी गेलीच नव्हती. "आणि कुणी विचारलं, कुठून आणली, तर काय सांगशील?"

"खरं ते सांगेन. तुम्ही दिली."

"छी! एवढी चांगली गिटार आणि एवढी साधी गोष्ट? जरा मेहनत घे."

आता मी घेते. परवा ब्लाउज शिवायला आलेल्या एका बाईंना मी सांगितलं की ही ब्रह्मपुत्रेच्या पुरात वाहत आली. त्यांनी मान डोलावली.

मीनलताईची गाडी नवीकोरी, पांढरी, आमच्या गल्लीत मावेना एवढी. केतननं बॅगा चढवल्या. मावशींनी त्याला खाली वाकवून कानात काही सांगितलं, तो लाजला. लाडूचंच काही असणार. मग त्या पुढच्या सीटवर बसल्या. काच खाली झाली. मी गिटार कडेवर घेऊन उभी, एका हातानं पदर डोळ्यांना लावलेला. वाटलं, आता काहीतरी बोलतील जे मला जन्मभर पुरेल.

मावशींनी हात बाहेर काढला. मधलं बोट नीट वाकत नव्हतं, तरी त्यांनी ते वाकवलं. दारावर दोनदा टकटक केली. मान उजवीकडे कलती केली, डोळे मिटले. गाडीसकट आम्ही सगळे निकालाची वाट बघत थांबलो.

"मोठं पोट आहे," त्या म्हणाल्या. "हिला बारा चालतील."